कबुलायतकट्टीचं सोनं

जुन्या सांगली संस्थानाचा नकाशा म्हणजे गोधडीवरची ठिगळं. मिरज प्रांत आणि कुची जवळजवळ, मंगळवेढं एकीकडं, तेरदाळ कृष्णेपल्याड, शहापूर थेट बेळगावला चिकटलेलं, आणि सहावा तालुका शिरहट्टी पार खाली, गदगच्या दक्षिणेला, तुंगभद्रेच्या वाटेवर. आमचं गाव कुची तालुक्यातलं. म्हणजे आमच्या आज्यानं भरलेला सारा आणि शिरहट्टीच्या कानडी शेतकऱ्यानं भरलेला सारा एकाच खजिन्यात पडायचा. 1948 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, 1956 ला शिरहट्टी म्हैसूर राज्यात गेलं, 1997 ला गदग जिल्हा वेगळा निघाला. आता त्या भागाचा आणि सांगलीचा काही संबंध होता हे सांगलीत कुणाच्या ध्यानात नाही.

पण एक नाव तिकडं राहून गेलं. गदगपासून तुंगभद्रेकडं पसरलेली डोंगराची एक रांग आहे, कप्पतगुड्ड. तिच्या अंगावर सोन्याची जुनी कामं आहेत. त्यातल्या एकाचं नाव भूगर्भवाल्यांच्या कागदांत ‘सांगली माइन’ असं आहे. सांगलीची सोन्याची खाण! आमच्याकडं हे सांगितलं की लोक हसतात. सांगलीचं सोनं म्हणजे हळद, एवढंच आम्हांला ठाऊक.

माझ्या आतेबहिणीचं सासर त्या बाजूला. त्यामुळं लग्नकार्याच्या निमित्तानं तिकडं जाणं झालं, आणि गेलो की दाजी मला डोंगराखालून फिरवून आणायचे. दाजींचं मराठी निम्मं कानडी. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारलं, “दाजी, खरंच हाय का हो सोनं हितं?”

दाजी म्हणाले, “हाय की. पर किती हाय, ते इचारा.”

या डोंगराचा सगळा इतिहास या एका उत्तरात आहे. सोनं आहे की नाही, हा वाद तिथं फारसा झालाच नाही. आहे हे सगळ्यांना माहीत होतं. किती आहे, काढायला काय लागतं आणि ते कुणाच्या पदरात पडतं, एवढ्यावरच सगळं आलं आणि गेलं.

आधी दगडाचं सांगतो, कारण शेतकऱ्याला दगड कळतो. आमच्याकडं विहीर काढायची म्हटलं की आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पत्थर. कुठंही खणा, हाच क्रम थोड्या फरकानं. हा काळा पत्थर म्हणजे ज्वालामुखीचा थिजलेला रस. दख्खनचा हा सगळा पत्थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आम्हांला तो आदिकाळापासूनचा वाटतो. पण कप्पतगुड्डाच्या मानानं तो कालचा पोरगा आहे. तिथला दगड अडीचशे कोटी वर्षांहून जुना. म्हणजे आमच्या पत्थराचं वय एक धरलं तर त्याचं चाळिशीच्या घरात जातं.

गंमत अशी, की त्या डोंगरातला बराच दगडसुद्धा मुळात ज्वालामुखीचाच रस. आमच्या पत्थराचा खापरपणजा म्हणा. पण आमचा पत्थर जसा थिजला तसा, थरावर थर, निवांत पडून राहिला. तो दगड मात्र पुढं जमिनीच्या पोटात दाबला गेला, तापला, चेपला, उभा झाला, हिरवट पडला. त्याच्या जोडीला समुद्रातला गाळ होता, त्याच्या पाटीसारख्या चिपा झाल्या. लोखंडाचे तांबडे-काळे पट्टे असलेला दगड आहे, तो कणखर, म्हणून डोंगराचे माथे त्याचे. अशा उभ्या पट्ट्यांना भूगर्भशास्त्रात धारवाडी खडक म्हणतात. रॉबर्ट ब्रूस फूट या साहेबानं 1886 च्या सुमारास हे नाव रूढ केलं, आणि ते जगभरच्या भूगर्भाच्या पुस्तकांत गेलं. चित्रदुर्गाकडून वर येणाऱ्या लांबलचक पट्ट्याचं उत्तरेकडचं टोक म्हणजे हा गदगचा डोंगर.

मग सोनं कुठून आलं? जमिनीच्या खूप खोलात, दाबाखाली, कढत पाणी असतं. ते दगडातून झिरपताना थोडंथोडं सोनं बरोबर घेतं. डोंगर चेपला जाताना जिथं दगड फाटतो, सरकतो, तिथून हे पाणी वर येतं. दाब उतरला, आजूबाजूच्या लोखंडी दगडाशी गाठ पडली, की पाणी ओझं टाकतं. भेगेत पांढरी गार भरते, आणि तिच्यात किंवा तिच्या कडेच्या दगडात सोनं उतरतं. बहुतेक वेळा एकटं नाही. गंधक आणि लोखंडाच्या पिवळ्या खड्यांबरोबर, आणि सोमल असलेल्या करड्या खड्यांबरोबर. हे सोमलाचं ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

आमच्या रानातही गारगोट्या निघतात, पण त्या पत्थराच्या पोकळीत गोट्यांसारख्या बसलेल्या. तिकडची गार शिरेसारखी उभी, डोंगरात लांबवर गेलेली, कुठं वीतभर रुंद, कुठं पुरुषभर, आणि मधेच गायब. आमच्या पत्थरात सोनं का नाही याचं उत्तरही यातच आहे. त्याला तसला भट्टीतला काळ मिळाला नाही. सोनं व्हायला दगडाला फार सोसावं लागतं.

डोंगरावर पाऊस पडतो, दगड झिजतो, शीर फुटते. गार वाळू होऊन वाहून जाते, पण सोनं जात नाही. सोनं पाण्याच्या एकोणीसपट जड. गार पाण्याच्या अडीचपटीच्या थोडी वर. म्हणून ओढ्याच्या वळणावर, खडकाच्या खाचेत, मोठ्या धोंड्याच्या पाठीमागं सोन्याचे कण बसून राहतात. हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं ते म्हणजे जलगार. आपल्याकडं सोनाराच्या दुकानापुढची धूळ आणि गटारातला गाळ धुऊन सोनं काढणाऱ्याला झारेकरी म्हणतात, तीच विद्या. फरक एवढाच, की जलगार डोंगराचं गटार धुवायचा.

पावसाळा सरता सरता ओढ्याला बेताचं पाणी असताना त्यांचं काम. गाळ उकरायचा, मोठे गोटे बाजूला, बारीक वाळू लाकडी काठवटीसारख्या पात्रात घ्यायची, पाण्यात धरून गोल फिरवायची. आमच्या बायका सुपात धान्य पाखडतात तसंच, फक्त वाऱ्याच्या जागी पाणी. हलकं निघून जातं, शेवटी काळी लोखंडी वाळू राहते, आणि त्या काळ्या वाळूच्या कडेला पिवळी रेघ. कधी दिसते, कधी दिसत नाही. दिवसभराच्या कष्टाला गुंजेचा काही हिस्सा मिळाला तरी घर चालायचं.

सोन्याला कानडीत होन्नु म्हणतात. आपला शिवकाळातला होन त्याच शब्दाचा. गदगजवळच्या लक्कुंडीला चालुक्यांच्या काळी टांकसाळ होती, सोन्याची नाणी पडायची. त्या नाण्यात या ओढ्यांतलं सोनं किती होतं हे कुणी मोजलेलं नाही, पण सोन्याचा व्यवहार या मुलखाला नवा नव्हता.

साहेब लोकांच्या कागदात हे सोनं एकोणिसाव्या शतकात चढलं. न्यूबोल्ड नावाचा फौजी अधिकारी दक्षिणेत फिरून दगडांच्या नोंदी ठेवायचा, त्यानं या डोंगराच्या सोन्याची दखल घेतली. नीट तपास केला तो फूटसाहेबानं. हा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचा माणूस. 1863 साली मद्रासजवळ पल्लावरमला आदिमानवाचं दगडी हत्यार ओळखणारा तो हाच. डंबळच्या डोंगरातल्या सोन्याच्या दगडांवर त्यानं 1874 साली खात्याच्या नियतकालिकात लेख छापला. कप्पतगुड्डाला साहेब डंबळचे डोंगर म्हणत, डोंगराजवळच्या जुन्या डंबळ गावावरून.

फूटसाहेबाची तऱ्हा अशी, की त्यानं जलगारांची विद्या हलकी मानली नाही. ते धुतात ते ओढे बघितले. सोरटूरच्या ओढ्याला सोनं आहे, तर त्या ओढ्याचं पाणी कुठल्या दगडावरून येतं? ओढ्याचा माग काढत वर जायचं, कुठवर सोनं लागतं आणि कुठून पुढं लागत नाही हे बघायचं, आणि तिथं डोंगरात पांढरी शीर शोधायची. चोराच्या पावलांचा माग काढणारा रामोशी असंच करतो. आजही सोनं शोधण्याची पहिली पायरी हीच आहे, साधनं तेवढी बदलली.

याच काळात दक्षिणेत सोन्याचं वारं सुटलं. 1880 च्या आगेमागे केरळ-निलगिरीच्या वायनाड भागात सोनं आहे म्हणून लंडनमध्ये तीसहून जास्त कंपन्या उभ्या राहिल्या, लोकांनी शेअर घेतले, यंत्रं बोटीनं आली, आणि दोन-चार वर्षांत सगळं बुडालं. सोनं होतं, पण टनामागं फार थोडं. त्याउलट कोलारला जॉन टेलरच्या कंपनीनं नेट लावला आणि शीर लागली. सुरवातीला टनाला चाळीस ग्रॅमच्या पुढं सोनं निघायचं. कोलार तीन किलोमीटरहून खोल गेलं आणि 28 फेब्रुवारी 2001 ला बंद पडलं. एका ठिकाणी बुडाले, एका ठिकाणी राजे झाले. मग मधल्या प्रत्येक डोंगराकडं माणसं त्याच आशेनं बघायला लागली.

गदगच्या डोंगराचा नंबर विसाव्या शतकाच्या सुरवातीला लागला. कबुलायतकट्टी, हट्टीकट्टी, होसूर अशा गावांच्या शिवारात विलायती भांडवलाच्या कंपन्यांनी जागा घेतल्या. कबुलायतकट्टीला विहिरीसारखी उभी कामं खोल नेली, गार कुटायची यंत्रं बसवली. मॅल्कम मॅक्लारेन या तज्ज्ञानं दक्षिणेतल्या सोन्याच्या पट्ट्यांवर 1906 साली लिहिलं, त्यात हा भाग आहे. त्या वेळी धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता, म्हणून मुंबई इलाख्याच्या खनिजांच्या हिशेबात चक्क सोनं दिसतं. थोडीच वर्षं. 1911 च्या आसपास काम थांबलं. यंत्रं गेली, साहेब गेले, पडकी बांधकामं आणि पाण्यानं भरलेल्या विहिरी राहिल्या.

कबुलायतकट्टी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दचकलो. कबुलायत हा आपल्या जुन्या महसुली दप्तरातला शब्द. सरकार रयतेला पट्टा देतं आणि रयत सरकारला कबुलायत लिहून देते, की एवढी जमीन कसतो, एवढा सारा भरतो. गावाला हे नाव कशावरून पडलं असेल ते असो. पण डोंगराशी आलेल्या प्रत्येकानं काहीतरी कबुलायत केली होती असं मला वाटतं. जलगाराची होती, की ओढा देईल तेवढं घेईन. कंपनीची होती ती लंडनच्या भागीदारांशी. डोंगराखालच्या शेतकऱ्याला त्यात कुणी विचारलं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि सरकारी खनिज खाती परत त्या डोंगरात गेली. त्यांची पद्धत दाजींनी मला जागेवर समजावली, कारण ड्रिलिंगची माणसं त्यांनी बघितलेली. आधी जुने खड्डे शोधायचे. आपल्या आधीच्यांनी जिथं खणलं तिथं काहीतरी होतंच. मग शिरेला आडवे चर मारायचे, दर हाताला दगडाचा नमुना घ्यायचा. चांगला आला तर बोअर. आपल्या पाण्याच्या बोअरला दगडाचा भुगा वर येतो. यांच्या बोअरला हिऱ्याचं पातं असतं, ते पोकळ असतं, त्यामुळं दगडाचा अखंड दांडका वर येतो. तो दांडका पेटीत ओळीनं लावायचा, प्रत्येकाची खोली लिहायची, उभा चिरायचा, अर्धा प्रयोगशाळेला, अर्धा जपून ठेवायचा. बोअर सरळ नाही तर तिरका मारतात, कारण शीर उभी असते. उभ्या शिरेला उभा बोअर मारला तर शेजारून निसटून जायचा.

आणि एवढं करूनही सोनं फसवतं. लोखंडाचा दगड सगळीकडं साधारण सारखा. सोनं तसं नाही. फवारणी न करता हातानं विस्कटलेल्या युरियासारखं ते असतं, एका जागी मूठभर, दहा पावलं कोरडी. एका बोअरला चांगलं लागलं म्हणून शेजारच्याला लागेल याची खात्री नाही. म्हणून लहान जागेवरसुद्धा पिढीमागून पिढी नमुने घेत बसते. गदगच्या डोंगरात शिरांचे तीन गट मानतात, पश्चिमेचा, मधला आणि पूर्वेचा. कुठं हिरव्या दगडात, कुठं जुन्या गाळाच्या दगडात. सोनं तिन्हीत सापडतं, पण कोलार कुठंच सापडलं नाही.

आता हिशेब करू. समजा टनाला तीन ग्रॅम सोनं आहे. आजच्या काळात याला बरी खाण म्हणतात. एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. म्हणजे तोळाभर सोन्याला सुमारे चार टन दगड. ट्रॅक्टरची एक भरगच्च ट्रॉली. ती नुसती आणायची नाही, तर पिठासारखी दळायची, पाण्यात कालवायची, आणि सोनं विरघळवायला सायनाइड घालायचं. ही सायनाइडची रीत 1887 ला निघाली, तिच्यामुळं कमी सोन्याचा दगडही परवडायला लागला. तोळा तिजोरीत जातो. बारा ग्रॅम वजा चार टन पीठ तिथंच राहतं. कोलारला या पिठाचे डोंगर उभे आहेत, वारा सुटला की गावभर धूळ. आणि मघाशी सांगितलेला सोमल आठवा. डोंगराच्या पोटात तो दगडात बंद असतो. दळला की मोकळा होतो. पाऊस पडला की ओढ्याला, ओढ्यातून विहिरीला.

डोंगराखालचा माणूस कसा राहतो हे बघितलं तर हा हिशेब अंगावर येतो. पाऊस आमच्या जत-कवठ्यासारखाच बेताचा. कांदा, मिरची, मूग, शेंग, जोंधळा. डोंगरावर मोठं झाड कमी, झुडूप आणि गवत जास्त, पण वैद्य लोक कुठून कुठून तिथं औषधी पाला न्यायला येतात. उत्तर कर्नाटकाचा सह्याद्री म्हणतात त्याला. आता माथ्यावर पवनचक्क्यांची रांग फिरते. तिथं पडलेलं पाणीच खालच्या विहिरींना येतं.

या लोकांना जमीन सोडायची नाही हे एकदा दिसलं होतं. 2011 साली मुंडरगी तालुक्यात हळ्ळिगुडीजवळ पोस्को या कोरियन कंपनीच्या पोलाद कारखान्यासाठी 3,382 एकर घ्यायचं चाललं होतं. शेतकरी उठले, गदगच्या तोंटदार्य मठाचे सिद्धलिंग स्वामी त्यांच्या पुढं उभे राहिले, आणि त्याच जुलैत तो बेत सोडावा लागला. मग पाळी डोंगराची. डिसेंबर 2015 मध्ये सरकारनं कप्पतगुड्ड राखीव संवर्धन क्षेत्र जाहीर केलं. वर्ष झालं नाही तोवर, 2016 च्या शेवटी, ते मागं घेतलं. सोन्याच्या खाणीचा प्रस्ताव होताच. खाणीसाठी वाट मोकळी केली, असंच लोकांनी धरलं. 2017 च्या फेब्रुवारीत गदगला धरणं बसलं, परत तेच स्वामी पुढं. एप्रिलमध्ये राखीव क्षेत्र परत आलं, आणि 2019 साली 244 चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं. स्वामी तोवर राहिले नव्हते. 2018 च्या ऑक्टोबरात गेले.

मी दाजींना विचारलं, “पोरांचं काय? खाण आली असती तर कामं मिळाली असती.”

दाजी गप्प बसले. त्यांचा धाकटा मुलगा तेव्हा गोव्यात बांधकामावर होता. मग म्हणाले, “मिळाली असती, भावजी. धा-पंधरा वर्सं. कोलारवाल्यास्नी शंभर वर्सं मिळाली, त्यांची पोरं आज रेल्वेनं बेंगळुराला जात्यात कामाला. आमाला तर तेवडं सोनं बी न्हाई.”

हे उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. त्याच गावात खाण पाहिजे म्हणणारेही मला भेटले. त्यांना वेड्यात काढू नये. कोरडवाहू चार एकरांत तीन भाऊ जगवणं काय असतं हे मी घरात बघितलं आहे. अभयारण्य झालं म्हणून त्यांच्या पोरांना काम लागलं असंही नाही. डोंगर वाचवणाऱ्यांनी हेही कबूल केलं पाहिजे.

पण एक गोष्ट दगड बघून कळते. त्या सोन्याला घाई नाही. अडीचशे कोटी वर्षं ते तिथं आहे. ते गंजत नाही, किडत नाही, पावसानं सडत नाही. न काढलेला कांदा चाळीत नासतो, न काढलेलं सोनं नासत नाही. घाई असते ती माणसांना. पाणी मात्र तसं नाही. ते एकदा बिघडलं की आपल्या हयातीत सुधारत नाही.

आपल्याकडंही विदर्भात, नागपूर-भंडाऱ्याकडं जुन्या खडकांत सोन्याच्या लहान लहान जागा सापडलेल्या आहेत. उद्या कुणाच्या शिवारात हिऱ्याच्या पात्याचा बोअर येईल. पेपरात मोठ्या अक्षरांत सोनं सापडलं असं छापून येईल. तेव्हा शेतकऱ्यानं हुरळून जाऊ नये आणि भिऊनही जाऊ नये. सरळ चार गोष्टी विचाराव्यात. टनाला किती ग्रॅम? दळलेलं पीठ कुठं टाकणार? पाणी कुठलं घेणार आणि कसलं सोडणार? आणि कबुलायत कोण कुणाला लिहून देणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर शास्त्रज्ञ देतील. बाकीच्या तिन्हींचं उत्तर सही करायच्या आधी, कागदावर, आपल्या भाषेत मिळालं पाहिजे.